भुसार दुकानातील बिनगव्हाची फळी

महाराष्ट्रात ग्लुटेनमुक्त अन्न कोणत्या दुकानात मिळते, या प्रश्नाचे उत्तर आज शहरांतील मोठ्या दालनांत, परदेशी वेष्टनांच्या कप्प्यात शोधले जाते. परंतु या प्रांतातील भुसार मालाच्या, म्हणजे सुट्या धान्याच्या, व्यापाराचा इतिहास पाहिला तर असे अन्न वाण्याच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या विकले जात होते आणि गेल्या शतकात ते तेथेच मागे पडले, असे दिसते. ग्लुटेन हा गहू, सातू आणि राय या धान्यांतील प्रथिनांचा समूह असून कणकेला येणारा चिवटपणा त्याच्यामुळे येतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी आणि तांदूळ यांत तो नसतो, आणि म्हणूनच ज्वारीचे पीठ पोळीसारखे सहज लाटता येत नाही, तर गरम पाण्यात मळून त्याची भाकरी थापावी लागते.

तथापि दख्खनचा आहार अनादिकाळापासून गव्हासातूविना होता, हा समज बरोबर नाही. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे प्रमुख पीक सातू असल्याचे आढळले. आफ्रिकेतून आलेल्या ज्वारी-बाजरीने आपले स्थान त्यानंतर पक्के केले, आणि पुढे पठारावर ज्वारी, कोकणात भात व नाचणी ही रोजची अन्ने झाली. गहू बहुतेक घरांत सणासुदीच्या पुरणपोळीपुरता आणि पाहुण्यांपुरता उरला.

हा क्रम उलटण्यास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरुवात झाली. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि धान्याची निवड गिऱ्हाइकाच्या आवडीवरून सरकारी साठ्यावर गेली. १९५६ च्या करारानुसार अमेरिकेच्या पब्लिक लॉ ४८० या कायद्याखाली गहू मोठ्या प्रमाणावर येऊ लागला, १९६६ मध्ये मेक्सिकन गव्हाचे अठरा हजार टन बियाणे आयात झाले, आणि हरितक्रांतीनंतर पंजाब-हरियाणाचा गहू हमीभावाने सरकारी गोदामांत भरून राहिला. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल ज्वारी, म्हणजे मिलो, रेशनवर वाटली गेली खरी, पण तो आपत्काळ होता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने भरड धान्याचा दर किलोला एक रुपया, म्हणजे गहू-तांदळाहून कमी, ठरवला. तरी रेशनच्या दुकानात प्रत्यक्षात गहू आणि तांदूळच मुख्यतः मिळत राहिले. लोकांनी भाकरी केवळ प्रतिष्ठेपायी सोडली, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात गव्हाचा दोष उघड झाला. सीलिअ‍ॅक या विकारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि अन्नातील सत्त्व अंगी लागत नाही. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय १९३० च्या दशकातच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील उपासमारीत पाव दुर्मीळ झाला तेव्हा आजारी मुले सुधारली आणि पाव परत येताच ती पुन्हा खालावली, या अनुभवाने त्यांची धारणा दृढ झाली. १९५० मध्ये त्यांनी उट्रेख्ट येथे आपला प्रबंध सादर केला.

महाराष्ट्रातील रुग्णाच्या सुदैवाने वाण्याच्या दुकानातील एका फळीवरून बिनगव्हाचा माल कधीच उतरला नाही, आणि ती उपवासाची फळी होय. वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाड्याचे पीठ, साबुदाणा आणि या पदार्थांपासून केलेली उपवासाची भाजणी तेथे आषाढी एकादशीपासून नवरात्रापर्यंत हमखास असते. यांपैकी राजगिऱ्याचे मूळ अमेरिका खंडात आहे, तर साबुदाणा त्याच खंडातून आलेल्या कसाव्याच्या कंदापासून, मुख्यतः तमिळनाडूतील सेलम भागात, तयार होतो. धर्माने निषिद्ध मानलेले धान्य वेगळे ठेवण्याच्या या शिस्तीमुळे अनेक गिरण्यांत उपवासाचे दळण निराळे दळले जाते, आणि वैद्यकाला जी दक्षता अपेक्षित आहे तिच्या सर्वांत जवळ जाणारी देशी रीत हीच आहे.

या दुकानातील धोकेही जुनेच आहेत. डबीतला हिंग शुद्ध नसतो. त्याचा उग्र चीक मैदा, तांदळाचे पीठ किंवा डिंक यांत मिसळलेला असतो. मेतकुटात आणि थालिपिठाच्या रोजच्या भाजणीत गहू घालण्याची पद्धत आहे. ज्वारी निर्दोष असली तरी गव्हामागोमाग त्याच जात्यावर दळली गेली की पिठात गहू उतरतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. परंतु पोत्यातून मापून दिलेल्या सुट्या धान्याला वेष्टन नसते आणि म्हणून त्यावर असा शेराही नसतो. म्हणून रुग्णाच्या घरच्यांनी ज्वारी-बाजरी अखंड विकत घ्यावी, निवडून धुऊन वाळवावी, आणि घरच्या जात्यावर किंवा ज्या गिरणीत गव्हासाठी जाते वेगळे आहे तेथेच दळून आणावी.