काळा दोरा आणि भयानक रस

नऊ रसांपैकी भयानक रसाची आपल्या साहित्यविचारात फारशी विचारपूस झालेली नाही. शृंगार, वीर, करुण यांच्यावर आपल्याकडे ग्रंथ झाले. करुणातून आनंद का होतो या एका प्रश्नाने तर दोन पिढ्यांच्या टीकाकारांना पुरेसे काम दिले. भयानकाच्या वाट्याला मात्र पाठ्यपुस्तकातील एक परिच्छेद आणि एखादे स्मशानवर्णन एवढेच आले. याचे मूळ थेट भरतापर्यंत जाते. भय हा भाव स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांचा, असे सांगून नाट्यशास्त्र मोकळे होते. ती अढी अजून गेलेली नाही. फक्त पात्रांवरून ती प्रेक्षकांवर सरकली आहे. एखाद्या गावावर अक्राळविक्राळ प्राणी किंवा पिशाच्च चालून येते, माणसे एकेक करून मरतात आणि शेवटी उरलेले लोक त्याचा नायनाट करतात, अशा बेताच्या खर्चात काढलेल्या चित्रपटांना जो प्रेक्षक लोटतो, त्याच्या आवडीची आपण ‘पिटातली आवड’ म्हणून वासलात लावतो. ही आवड इतकी पोरकट नाही आणि तिला इतिहास आहे, एवढे दाखविण्याचा येथे विचार आहे. त्या इतिहासाचा एक धागा सुरतेहून निघतो.

धागा हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. चित्रपटांतील चमत्कारदृश्यांचे आपल्याकडील आद्य कारागीर बाबूभाई मिस्त्री यांचा जन्म १९१८ साली सुरतेकडे झाला. एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीवरून १९३३ साली ‘द इन्व्हिजिबल मॅन’ हा अमेरिकन चित्रपट निघाला. तो पाहून विजय भट्ट यांनी १९३७ साली ‘ख्वाब की दुनिया’ काढला आणि अदृश्य माणसाची किमया विशीही न ओलांडलेल्या बाबूभाईंवर सोपविली. अमेरिकेतील प्रयोगशाळा येथे नव्हती, पैसा नव्हता. काळोख्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्याने वस्तू हालविल्या तर कॅमेऱ्याला दोरा दिसत नाही आणि वस्तू आपोआप हालल्यासारख्या वाटतात, एवढ्याशा युक्तीवर त्यांनी काम भागविले. या युक्तीवरून चित्रपटव्यवसायात त्यांना ‘काला धागा’ हेच नाव पडले.

पुढे त्यांचा संबंध होमी वाडिया यांच्या बसंत पिक्चर्सशी आला. हे वाडियाही मूळचे सुरतेचेच. जहाजे बांधणारे लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले, त्यांच्या घराण्यातील जे. बी. एच. आणि होमी या बंधूंनी १९३३ साली वाडिया मूव्हीटोन काढली. मारामारी, घोडेस्वारी आणि चमत्कार यांनी भरलेले त्यांचे चित्रपट सुशिक्षितांनी नाके मुरडून आणि इतरांनी आठवड्यामागून आठवडे पाहिले. बाबूभाईंनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटांत ‘संपूर्ण रामायण’ (१९६१) जसा आहे, तसा ‘किंग काँग’ (१९६२) हाही आहे. या दुसऱ्याची गंमत अशी की, नाव अमेरिकेतील राक्षसी वानराचे, पण पडद्यावर येतो तो त्याच नावाने गाजलेला मल्ल, आणि त्याच्याशी झुंजतो दारासिंग! जाहिरातीवर विसंबून वानर पाहावयास गेलेल्या प्रेक्षकाची फसवणूक झाली म्हणावी, तर तो पैसे परत मागावयास गेल्याचे ऐकिवात नाही.

परंतु बाबूभाईंनाही पूर्वज होते. सुरतेच्या पूर्वेस डांगचे जंगल आहे. तेथून जव्हार, मोखाडा, नाशिकपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात भवाडा किंवा बोहाडा होतो. रात्रभर संबळाच्या तालावर देव आणि राक्षस यांचे मुखवटे नाचतात. राक्षसाचा मुखवटा कोणी घातला आहे हे गावातील लहान पोरालाही ठाऊक असते, तरी मशालीच्या उजेडात तो अंगावर आला की पोर आईच्या पदराआड जाते आणि लगेच पुन्हा डोकावते. कोकणच्या दशावतारातील काळा संकासुर तर भय आणि हसू एकाच तोंडाने देतो. वेद चोरणारा हा दैत्य जीभ काढून रंगमंचावर येतो आणि पाहता पाहता प्रेक्षकांशी थट्टामस्करी करू लागतो.

याच मुलखातील नाशिकचे दादासाहेब फाळके यांनी १९१९ साली ‘कालियामर्दन’ काढला. कृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. कथा आपणांस इतकी परिचयाची आहे की तिचा सांगाडा आपल्या ध्यानात येत नाही. नदीकाठचे लहानसे गाव, पाण्यात दबा धरून बसलेला विषारी जीव, काठावर आक्रोश करणारे गावकरी आणि त्याच्या फणांवर नाचणारे एक पोर. अमेरिकेत ज्या कथेवर पन्नास वर्षांनी शार्क माशाचा चित्रपट निघाला आणि अमाप पैसा मिळवून गेला, ती गोकुळात आधीच घडलेली होती. फाळक्यांचा नाग खोटा आहे हे त्या काळच्या प्रेक्षकालाही दिसत असले पाहिजे. तरी कृष्ण पाण्यात उडी घेतो तेव्हा जीव वर-खाली होतो. याच्या उलट गोष्ट पुढच्याच वर्षी घडली. बाबूराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’तील (१९२०) कीचकवध इतका हुबेहूब साधला होता की काही प्रेक्षकांना घेरी आली आणि ते दृश्य कापावे लागले, असे सांगतात. भय हुबेहूब झाले की रस उरत नाही, हे अनुभवाने कळावयास आपल्या चित्रपटाला फार वर्षे लागली नाहीत.

स्वस्त भयपटाचा खरा संसार मांडला तो रामसे कुटुंबाने. फत्तेचंद रामसिंघानी ऊर्फ एफ. यू. रामसे फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आले. त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ (१९७०) हा चित्रपट पडला. परंतु त्यातील एका प्रसंगी पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्याच प्रसंगासाठी लोक येतात असे मुलांच्या लक्षात आले. यातून १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ निघाला. सगळे बिऱ्हाड बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेले, स्टुडिओ आणि देखावे यांचा खर्च वाचविला. सात भावांत कोणी लेखन, कोणी छायाचित्रण, कोणी ध्वनी, कोणी संकलन, दोघे दिग्दर्शन, अशी वाटणी होती. एखाद्या जुन्या तमाशाच्या फडाची ही व्यवस्था आहे. ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) पर्यंत ती चालली. यांचे गिऱ्हाईक मोठ्या शहरांतील नामांकित चित्रगृहांत नव्हते. ते तालुक्याच्या गावी आणि गिरणगावांत होते. सुरतेच्या लिंबायत, उधना भागांत यंत्रमागावर आलेली खानदेशातील कुटुंबे राहतात, ती याच वर्गातील.

भरताने भयानकाचे विभाव सांगितले आहेत: विचित्र आवाज, भूतदर्शन, कोल्हा आणि घुबड, अरण्य, ओसाड घर. रामसे बंधूंनी नाट्यशास्त्र वाचले असेल असे वाटत नाही. परंतु त्यांच्या सामानाची यादी याहून निराळी नाही.

आता मूळ प्रश्न. रबराचा मुखवटा रबराचा दिसतो, लाल रंग रंगासारखा दिसतो, तरी प्रेक्षक घाबरतो आणि घाबरून सुखावतो, हे कसे? न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीचा सिद्धांत मांडला. वाचक पात्राशी तद्रूप होतो, पण स्वतःचे भान सोडीत नाही; हे दुहेरीपण हाच आनंद, असे त्यांचे म्हणणे. टीकाकारांनी या सिद्धांतावर अनेक आक्षेप घेतले आहेत, आणि शोकान्त नाटकाच्या बाबतीत ते बरेचसे योग्यही आहेत. तेथे प्रेक्षकाचे भान पुष्कळ वेळा सुटतेच. परंतु स्वस्त भयपटाला हा सिद्धांत जितका नेमका लागू पडतो तितका दुसऱ्या कशालाही पडत नसेल. येथे विकल्प लपविण्याइतका पैसाच निर्मात्याजवळ नसतो. दोरा दिसतो. दिसणारा दोरा प्रेक्षक आपल्या बाजूने काळा करतो, निर्मात्याचे उरलेले काम स्वतः पुरे करतो. म्हणूनच या चित्रगृहांत इतकी आरडाओरड, शिट्ट्या आणि नटाला दिलेले सल्ले ऐकू येतात. प्रेक्षक तेथे भागीदार असतो.

मराठीत या दोऱ्याचाच चित्रपट झाला. १९९३ साली महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’ काढला. कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन चित्रपटावरून घेतलेली, हे उघड आहे. एका गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला गावात धुमाकूळ घालतो. परंतु अमेरिकन बाहुली दुकानातील खेळणे होते. येथला तात्या विंचू हा शब्दभ्रमकाराचा बोलका बाहुला आहे. रामदास पाध्ये यांनी तो घडविला, दिलीप प्रभावळकरांनी त्याला आवाज दिला, आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्याचे मालक झाले. ज्याला आपण हालवितो आणि बोलवितो तोच मालकावर उलटला, ही कल्पना मूळ चित्रपटात नाही. मला ती मुळापेक्षा सरस वाटते. संकासुराप्रमाणे तात्याही हसवीत मारतो. तीस वर्षांपूर्वी त्याला पाहून पांघरुणात शिरलेली मुले आज शाळांतून शिकवीत असतील.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीचे विवरण करताना उदाहरण घेतले ते नेमके भयाचे: शाकुंतलातील, बाणाच्या धाकाने मान वळवून पाहत पळणारे हरिण. ते भय ना माझे, ना शत्रूचे, ना मित्राचे; ते स्थळकाळातून सुटलेले भय असते, म्हणून त्याची चर्वणा करता येते. याची उलट बाजू सुरतेने ‘झपाटलेला’च्या पुढच्याच वर्षी पाहिली. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग आढळला, आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उद्भवला. मेलेल्यांची संख्या सुमारे पन्नास; पण लाखो माणसे शहर सोडून गेली. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले. शाळा, महाविद्यालये, चित्रगृहे बंद झाली. भुसावळच्या गाड्यांतून तोंडाला रुमाल बांधलेले यंत्रमागकामगार खानदेशाकडे परतले, आणि गावोगाव त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले. एक जीव गावावर चालून आला आहे, तो दिसत नाही, शेजाऱ्याच्या श्वासात आहे: कथेचा सांगाडा तोच. पण यात रस नव्हता, कारण हे भय प्रत्येकाचे स्वतःचे होते. सुरतेला असे भय नवे नव्हते. १६६४ आणि १६७० च्या ज्या स्वाऱ्या आपल्या पोवाड्यांत वीर रसाच्या आहेत, त्या त्या शहराच्या आठवणीत भयानकाच्या असणार, हे मराठी अभ्यासकाने विसरू नये.

आणि तरी खऱ्या पळापळीशी खेळणारी माणसे आहेत. ‘द ब्लॉब’ (१९५८) या अल्पखर्ची चित्रपटात लिबलिबीत गोळा एका गावातील चित्रगृहात शिरतो आणि प्रेक्षक किंचाळत बाहेर पळतात. ते दृश्य पेनसिल्व्हेनियातील फिनिक्सव्हिल गावच्या कलोनियल चित्रगृहात घेतले होते. त्या गावचे लोक आता दर उन्हाळ्यात त्याच दारातून किंचाळत बाहेर धावण्याचा उत्सव करतात. आपल्या बोहाड्याची ही थोरली बहीण न म्हणता धाकटी म्हणावी लागेल.

संगणकाने आता दोरा नाहीसा केला आहे. बाबूभाई मिस्त्री डिसेंबर २०१० मध्ये वारले. २०१३ साली कोठाऱ्यांनी ‘झपाटलेला २’ त्रिमितीत काढला. बाहुला मात्र पाध्यांचाच होता.