पाळी जाणं हा आजार नव्हे; पिशवी काढण्याआधी हे वाचा

पंचेचाळिशीच्या आसपास अनेक महिलांची पाळी मागेपुढे होऊ लागते. कधी दोन-दोन महिने येत नाही, तर कधी महिन्यात दोनदा येते. रात्री अचानक अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, झोप उडते. घरात सांगायची लाज वाटते. मग ओळखीतलं कुणीतरी म्हणतं, "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल." पण वाफा, घाम आणि चिडचिड या त्रासावर पिशवी काढणं हा इलाजच नाही. मग इलाज काय, ते समजून घेऊ.

पाळी गेली, असं कधी म्हणायचं?

सलग १२ महिने पाळी आली नाही, की ती गेली असं धरतात. यालाच रजोनिवृत्ती किंवा मेनोपॉज म्हणतात. भारतात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर ते लवकर आहे. तपासणी करूनच घ्यावी.

पिशवीच्या दोन्ही बाजूंना अंडाशय असतात. त्यांच्यातून इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार होतं. वय वाढतं तसं ते कमी होतं आणि पाळी थांबते. हा बदल एका दिवसात होत नाही, काही वर्षं चालतो. या काळात दिवस जाऊ शकतात. म्हणून पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची २ वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली तर १ वर्ष गर्भनिरोधक साधन सुरू ठेवावं.

काय काय त्रास होतो?

प्रत्येकीला सारखाच त्रास होत नाही. काहींना काहीच जाणवत नाही. काहींना चेहरा-मान गरम होणं, रात्री घाम, छातीत धडधड, सांधेदुखी, विसरायला होणं, चिडचिड, उगाच रडू येणं असा त्रास होतो. योनीमार्ग कोरडा पडल्याने संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला जळजळ होते, वारंवार जावं लागतं. हाडं आतून ठिसूळ होत जातात. ते दिसत नाही. साध्या पडण्याने मनगट किंवा खुबा मोडतो तेव्हा कळतं.

पिशवी काढून काय होतं?

वाफा येतात त्या हार्मोन कमी झाल्याने, पिशवीमुळे नाही. उलट पिशवीसोबत दोन्ही अंडाशय काढले तर जे काही वर्षांत हळूहळू व्हायचं ते एका दिवसात होतं. त्रास जास्त तीव्र होतो आणि कमी वयात हाडांचा व हृदयाचा धोका वाढतो. अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकू शकतात.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तो याच शस्त्रक्रियांमुळे. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजार ३०९ महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली.

पिशवी काढावी लागते ती कॅन्सर, मोठ्या गाठी किंवा औषधाने न थांबणारा रक्तस्राव असेल तेव्हा. नुसतं पांढरं जाणं किंवा कंबरदुखी एवढ्यासाठी नाही. ऑपरेशन सुचवलं तर चार प्रश्न विचारा: आजाराचं नाव काय? सोनोग्राफीत काय दिसलं? औषधाने भागेल का? अंडाशय ठेवणार का? मग कागद घेऊन सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

उपचार कोणते?

त्रास थोडा असेल तर सैल सुती कपडे, रात्री हलकं जेवण, चहा-तिखट कमी, रोज अर्धा तास चालणं याने फरक पडतो. शेतात काम करतो म्हणून व्यायामाची गरज नाही, असं नसतं. मिश्री आणि तंबाखू सोडावी.

वाफा आणि घाम सहन होत नसतील तर हार्मोनचा उपचार सगळ्यात गुणकारी आहे. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत तो सुरू केला तर बहुतेक निरोगी महिलांना फायदा जास्त, धोका कमी. पिशवी असेल तर दोन हार्मोन एकत्र द्यावे लागतात. स्तनाचा कॅन्सर, हृदयविकाराचा झटका, लकवा, पायात रक्ताची गुठळी, लिव्हरचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर या गोळ्या चालत नाहीत. मेडिकलवरून परस्पर घेऊ नयेत.

हार्मोन चालत नसतील तर वाफांसाठी दुसऱ्या गोळ्या आहेत, डॉक्टर त्या लिहून देतात. कोरडेपणासाठी आत लावायचं क्रीम मिळतं. जास्त रक्त जात असेल तर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या किंवा हार्मोन असलेली तांबी हे पर्याय असतात.

हाडांसाठी नाचणी, तीळ, दूध-दही आणि ऊन हवं. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये. दोन तासांचं अंतर ठेवावं.

इथे थांबायचं नाही

• पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एक डाग का असेना, तर लगेच दाखवा. बहुतेक वेळा कारण साधं असतं, पण ती पिशवीच्या कॅन्सरची पहिली खूणही असू शकते.
• तासाला पॅड भिजतं, गाठी पडतात, चक्कर येते.
• छातीत दुखून घाम येतो. याला पाळीचा त्रास समजून घरी बसू नका, १०८ ला फोन करा.
• स्तनात गाठ लागते.
• जगावंसं वाटत नाही.

कुठे जायचं?

आधी आशाताईंना किंवा उपकेंद्रात सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातलं हिमोग्लोबिन, बीपी आणि साखर तपासता येते. तिशीपुढच्या महिलांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. पुढच्या उपचारासाठी ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावं. जाताना शेवटची पाळी कधी आली ती तारीख, सुरू असलेल्या गोळ्या आणि जुने रिपोर्ट सोबत न्यावेत.

घरातल्या पुरुषांनीही हे वाचावं. या वयात बाई चिडते, रात्र रात्र जागते, ती नाटकं नसतात. तिला दवाखान्यात सोबत नेणं आणि ऑपरेशनची घाई न करणं, एवढं घरच्यांच्या हातात आहे.