ओमिक्रॉन सौम्य, म्हणजे कोरोना ‘एंडेमिक’ झाला का?

तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. एंडेमिक म्हणजे एखाद्या भागात कायम टिकून राहिलेला आजार. तो सौम्यच असतो असे नाही. तुमच्या गोंदियातल्या सालेकसा, देवरी भागातला मलेरियाच पाहा. दरवर्षी पावसाळ्यात डोके वर काढतो, आणि फाल्सिपेरम प्रकारचा असेल तर मेंदूपर्यंत जाऊन जीवही घेतो.

विषाणू सौम्यच होत जातो, असाही नियम नाही. २०२१ च्या उन्हाळ्यातला डेल्टा आधीच्यापेक्षा घातक निघाला. नंतरचा ओमिक्रॉन सौम्य वाटला, त्यात लसीने व आधीच्या संसर्गाने मिळालेल्या प्रतिकारशक्तीचा मोठा वाटा होता. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपवली, आजार नव्हे. घरात वयस्कर, मधुमेही किंवा सिकलसेलचा रुग्ण असेल, तर ताप-खोकल्यासोबत धाप लागताच दवाखान्यात न्या.