डब्यामागचं घर

रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ २०१३ साली कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये दाखवला गेला. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या डब्यातून एक विधुर कारकून आणि नवऱ्याचं लक्ष नसलेली एक गृहिणी चिठ्ठ्या लिहू लागतात. ठरलेल्या भेटीला तो येतो, तिला दुरून पाहतो आणि पुढे न होता निघून जातो. एकटेपण इतक्या हळुवारपणे आपल्या पडद्यावर क्वचितच आलं. डबेवाले मात्र त्यात निरोप्यांच्याच जागी राहतात. माझं म्हणणं असं, की या धंद्याच्या पोटातच एकटेपणाचा मोठा इतिहास आहे आणि त्यासाठी मावळात यावं लागतं.

लोहगड-विसापूरच्या कुशीतली लोहगडवाडी घ्या. हा सगळा मुलूख पावसाच्या भातावर जगणारा. खाचरं लहान, पीक एकच, भात झोडून झाला की हाताला काम नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई जवळ आली. १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचा धंदा उभारला, तो मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नरच्या गड्यांनी वाढवला. भरती नात्यागोत्यातून होई, एकेका खोलीत गावचे अनेक जण राहत. तिथे बायकापोरांना जागा कुठून असणार? दुसऱ्याच्या घरचं गरम जेवण वेळेवर पोचवणाऱ्याची स्वतःची चूल घाटावर पेटत असे. चैत्रात जत्रेला तो गावी येई. एरवी शेत, गुरं, सासू-सासरे सगळं बाईच्या अंगावर.

कोणी म्हणेल, डबेवाले एकटे कुठे आहेत? टोळी आहे, मुकादम आहे, लोकलमधलं भजन आहे. चित्रपटाच्या शेवटीही ते ऐकू येतं. खरं आहे, आणि पुढे अनेकांनी उपनगरांत बिऱ्हाडंही थाटली. पण पुरुषांना मिळालेली ही सोबत गावी राहिलेल्या बाईच्या वाट्याला आली नाही. तिच्यासाठी जातं होतं. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांत भाऊ, माहेर, लेक, विठोबा यांच्याशी बाई मन मोकळं करते. जात्यालाच सखी मानते. यावर आक्षेप असा, की ओवी परंपरेतून येते, तिला एका बाईची साक्ष कसं मानायचं? मला वाटतं, म्हणूनच ती अधिक भक्कम साक्ष आहे. जी ओळ पिढ्यान्‌पिढ्या बायकांना आपलीशी वाटली नसती, ती पहाटेच्या दळणात टिकलीच नसती.

जुलै २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, त्याचा आनंद आहेच. पण घरोघरची जाती गिरणीने कधीच थांबवली आणि ओव्या पाठ असलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. गड पाहायला जाल तेव्हा वाडीत थोडं थांबा आणि एखादी आजी सांगायला राजी असेल, तर तिचं म्हणणं लिहून घ्या.