उलटे आटे

मळसूत्र ही वस्तु इतकी सामान्य आहे कीं, तिचाहि कांहीं इतिहास असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरविलें म्हणजे तें घट्ट होतें, उलट फिरविलें म्हणजे सैल होतें, एवढें ज्ञान लहान मुलासहि असतें. पण तें किती अपुरें आहे, याचा प्रत्यय आम्हांस विद्यार्थिदशेंत आला. सायकलीचें डावें पायडल काढावयाचें होतें. पाना लावून आम्हीं नेहमींच्या रीतीनें जोर केला; तें हलेना, म्हणून पान्यास लोखंडी नळी जोडून दुप्पट जोर केला. शेवटीं कांहीं तरी हललें व आम्हांस आनंद झाला. पण हललें तें पायडल नव्हे, आंतील आटे गेले होते! दुकानांतील वृद्ध कारागिरानें तें पाहून इतकेंच म्हटलें, "डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. जोर काय, कोणीहि करील. आधीं विचारायचें होतेंत." त्या दिवशींची फजिती आम्ही विसरलों नाहीं, आणि हे आटे उलटे कां, हा प्रश्नहि विसरलों नाहीं.

मळसूत्राचा उपयोग मनुष्यास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन लोक ऑलिव्हचें तेल व द्राक्षांचा रस काढण्यास मळसूत्री दाबयंत्र वापरीत. परंतु लांकडी खांबावर आटे पाडणें निराळें आणि एकाच मापाचे हजारों लोखंडी बोल्ट करणें निराळें. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रत्येक बोल्ट व त्याचा नट ही एक स्वतंत्र जोडीच असे. यंत्र खोलतांना जोड्यांची अदलाबदल झाली, कीं तें पुनः जुळविणें दुरापास्त होई. इ. स. १८०० च्या सुमारास लंडनमध्यें हेन्री मॉड्सले यानें आटे कापण्याचा अचूक लेथ सिद्ध केला, तेव्हां ही अडचण दूर होण्याचा मार्ग मोकळा झाला.

मॉड्सलेच्या कारखान्यांत काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनें पुढचें पाऊल टाकलें. त्यानें निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट जमविले, त्यांच्या मापांचा मध्य काढला, आणि १८४१ सालीं सर्वांसाठीं एकच पद्धति सुचविली. तींत आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. १८६४ सालीं अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें ६० अंशांची निराळी पद्धति मांडली. या पांच अंशांच्या भेदाची किंमत दुसऱ्या महायुद्धांत कळून आली: ब्रिटिश व अमेरिकन यंत्रांचे सुटे भाग परस्परांस लागू पडेनात. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं ब्रिटन, अमेरिका व कानडा यांनीं समाईक आट्यांच्या करारावर सह्या केल्या.

मापांविषयीं एवढे वाद झाले. दिशेविषयीं मात्र जगांत बहुतेक एकमत दिसतें. उजवा हात घड्याळाच्या कांट्याप्रमाणें पिळतांना दंडांतील मोठ्या स्नायूचें साहाय्य मिळतें, आणि बहुसंख्य माणसें उजव्या हाताचीं. मग अपवाद कां? तर हौसेनें नव्हे, गरजेनें. एक पेन्सिल मुठींत सैल धरून तिचें वरचें टोंक वर्तुळांत फिरवावें. पेन्सिल स्वतःभोंवतीं उलट दिशेनें फिरूं लागते. पायडलाच्या आंसाचें असेंच होतें. पायाचा भार खालीं, आणि क्रँक गोल फिरणारा. त्यामुळें आंस आपल्या भोंकांत किंचित् उलट सरकत राहतो. उजवीकडे या सरकण्यानें सुलटे आटे घट्ट होतात. डावीकडे तेच आटे असते, तर पायडल वाटेंतच गळून पडलें असतें. म्हणून डावे आटे उलटे.

अशाच भीतीनें अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनी आपल्या मोटारींच्या डाव्या चाकांचे नट अनेक वर्षें उलट्या आट्यांचे ठेवीत असे. निमुळत्या बैठकीचा नट नीट घट्ट केला, तर तो आपोआप सुटत नाहीं, हा अनुभव जमत गेला आणि १९७० च्या सुमारास ती पद्धति मागें पडली. दरम्यान त्या बोल्टाच्या टोंकावरील 'एल' हें अक्षर न वाचतां ज्यांनीं जोर केला, त्यांनीं बोल्टच मोडले. वेल्डिंगच्या कामांत तर उलटे आटे हा पहारेकरीच आहे: ऑक्सिजनच्या टाकीचा जोड सुलटा, ॲसिटिलीनचा उलटा, म्हणजे चुकूनहि एकाची नळी दुसऱ्यास लागूं नये.

नियम ठाऊक असूनहि चूक होते, ती पाहण्याच्या जागेमुळें. मोटारीच्या तळाशीं तेल सोडण्याचा बोल्ट असतो. खालीं निजून पाहणारास त्याचें डोकें समोर दिसतें; पण वरून हात घालून चांचपणारा तोच बोल्ट पाठीमागून फिरवीत असतो, आणि त्याचें उजवें तें बोल्टाचें डावें होतें. म्हणून दिशा ठरवावी ती नेहमीं बोल्टाच्या डोक्यासमोर उभें राहून, मग तें उभें राहणें मनांतल्या मनांत कां होईना. आणि नवा बोल्ट बसवितांना पहिले दोन-तीन फेरे बोटांनींच द्यावे. आटा वांकडा लागला, तर तें बोटांस कळतें, पान्यास कळत नाहीं.

आपल्याकडे १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें आणि त्यांतूनच पुढें महाराष्ट्राचा एक मोठा यंत्रोद्योग उभा राहिला. तरीहि हातांत पाना धरणें हें आपल्या सुशिक्षित घरांत अजून कमीपणाचें वाटतें, आणि न हलणाऱ्या बोल्टावर आपण पहिल्यानें चिडतों. तो बोल्ट हट्टी नसतो. तो कोणा तरी कारागिराच्या विचारास धरून असतो. तो विचार ओळखला, कीं पुष्कळदां एका हाताचा जोरहि पुरतो.