सस्पेन्शन फोर्कवरील पुढचे कॅरिअर

सस्पेन्शन फोर्कवरील पुढचे कॅरिअर म्हणजे स्प्रिंगवर किंवा हवेच्या दाबावर दबणाऱ्या फोर्कच्या (चिमट्याच्या) सायकलवर, पुढील चाकाच्या दोन्ही बाजूंना पॅनिअर पिशव्या अडकवण्यासाठी बसवलेली धातूची चौकट होय. ताठ फोर्कवर असे कॅरिअर बसवणे सोपे असते. सस्पेन्शन फोर्कचे दोन भाग मात्र एकमेकांत सरकत असल्याने कॅरिअर कोणत्या भागाला जोडायचे, हा त्यातील मुख्य प्रश्न ठरतो.

पार्श्वभूमी

अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी १९६२ साली इंग्लंडमध्ये आणलेल्या लहान चाकांच्या सायकलीला पुढे व मागे सस्पेन्शन होते. तिचे पुढचे कॅरिअर फोर्कला न जोडता सांगाड्याला जोडलेले असे, त्यामुळे हँडल वळवले तरी सामान वळत नसे. रॉकशॉक्स या कंपनीची स्थापना १९८९ साली झाली. त्यानंतरच्या काळात माउंटन बाइकवर सस्पेन्शन फोर्क रूढ झाले आणि अशा सायकलींवरून सामानासह लांबचा प्रवास करणाऱ्यांपुढे कॅरिअरचा प्रश्न उभा राहिला.

रचना

सस्पेन्शन फोर्कच्या वरच्या दोन नळ्या क्राउनमध्ये घट्ट बसवलेल्या असतात आणि खालच्या जाड नळ्या चाकासह वर-खाली सरकतात. खालच्या नळ्या चाकावरून जाणाऱ्या कमानीने जोडलेल्या असतात. प्रवासी सायकलींत ही हालचाल साधारणपणे ६० ते १०० मिलिमीटर असते. कॅरिअरचे एक टोक वरच्या स्थिर भागाला आणि दुसरे खालच्या सरकत्या भागाला जोडल्यास फोर्क दबू शकत नाही, किंवा पहिल्याच मोठ्या खड्ड्यात जोड तुटतो. म्हणून कॅरिअरचे सर्व जोड एकत्र हालणाऱ्या भागांवरच असावे लागतात.

प्रकार

खालच्या नळ्यांवरील कॅरिअर: हे चाकाचा आस, खालच्या नळ्यांवरील आट्याची भोके किंवा व्ही-ब्रेकच्या खुंट्या यांना जोडतात. वजन आसाजवळ, खाली राहत असल्याने सायकल स्थिर चालते. परंतु सामानाला सस्पेन्शनचा लाभ मिळत नाही. प्रत्येक धक्का थेट पिशवीला बसतो आणि चाकासोबत हालणारे वजन वाढल्याने फोर्कचा प्रतिसाद मंदावतो.

वरच्या भागावरील कॅरिअर: हे क्राउन, हँडल किंवा सांगाडा यांना जोडतात. सामान स्प्रिंगच्या आधारावर राहते, मात्र वजन उंचावर जाते. त्यामुळे त्यावर हलके सामानच ठेवले जाते.

बसवणी

पहिल्या प्रकारात फोर्क दबताना कॅरिअर वर येते. त्यामुळे कॅरिअरचा माथा आणि क्राउन, दिवा व ब्रेकच्या केबली यांच्यातील अंतर फोर्कच्या पूर्ण हालचालीपेक्षा अधिक असावे लागते. दुसऱ्या प्रकारात चाक वर येते, म्हणून तेवढेच अंतर कॅरिअरचा तळ आणि टायर किंवा मडगार्ड यांच्यात ठेवतात. याची खात्री करण्यासाठी फोर्कमधील हवा सोडून किंवा शक्य असल्यास स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबून पाहतात आणि त्याच स्थितीत हँडल दोन्ही बाजूंना वळवतात. डिस्क ब्रेक असल्यास कॅलिपरला कॅरिअरची पट्टी घासणार नाही, हेही पाहिले जाते.

अनेक फोर्कच्या खालच्या नळ्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या व पातळ भिंतीच्या असतात. त्यांना भोक पाडल्यास फोर्क निकामी होतो आणि क्लॅम्प अति आवळल्यास नळीला तडा जाऊ शकतो. सैल क्लॅम्प खाली घसरून कॅरिअर चाकात अडकले, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. त्यामुळे फोर्क व कॅरिअर या दोन्हींच्या उत्पादकांनी दिलेली वजनमर्यादा पाळली जाते, त्यांपैकी कमी असलेली मर्यादा ग्राह्य धरतात. दोन्ही बाजूंचे वजन समान ठेवतात आणि सामान भरल्यानंतर हवेचा दाब किंवा स्प्रिंगचा ताण पुन्हा जुळवतात.

रत्नागिरी जिल्ह्यातील वापर

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील रस्ता खाड्यांमुळे सतत चढतो व उतरतो. वेसवी–बागमांडले, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड येथे खाडी फेरीबोटीने ओलांडावी लागते, तर भाट्ये येथे पूल आहे. खाडीकाठावरून जांभ्याच्या सड्यावर नेणाऱ्या तीव्र चढात सर्व सामान मागे असल्यास पुढचे चाक हलके होऊन हँडल डगमगते. काही सामान पुढे ठेवल्याने हा दोष कमी होतो. उताराला ब्रेक लावताना मात्र भार पुढे सरकतो, पुढे सामान असलेला फोर्क अधिक दबतो आणि बसवणीतील अपुरे अंतर तेथेच उघडे पडते.

किनाऱ्यावरील खारी हवा हा आणखी एक घटक आहे. खाऱ्या ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमचे कॅरिअर आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू यांच्या संपर्काच्या ठिकाणी अ‍ॅल्युमिनियम गंजते आणि स्क्रू जागीच धरतात. बसवताना आट्यांना ग्रीस लावल्यास हे टळते. क्लॅम्पखाली साचलेली वाळू आणि पावसाळ्यातील लाल चिखल नळीचा रंग खरवडतात, वरच्या नळ्यांवर राहिल्यास फोर्कच्या सीलही झिजवतात. म्हणून किनारी प्रवासानंतर सायकल गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुणे, नळ्या पुसून कोरड्या करणे आणि सर्व स्क्रू पुन्हा तपासणे आवश्यक मानले जाते.