गोतरणी : एक तळटीप
गोतरणी ही इगतपुरी-जुन्नर पट्ट्यातल्या महादेव कोळ्यांची न्यायसभा. १८३०च्या दशकात ब्रिटिश अधिकारी कॅप्टन मॅकिन्टॉशने तिची पदे नोंदवली : प्रमुख निवाडा देई, धालिया दोषीच्या दारावर उंबराची फांदी बांधी, हडक्या जनावराचे हाड लावी. निवाडा एकाकडे, अंमलबजावणी दुसऱ्याकडे, अशा रचनेला नुसती ‘रूढी’ म्हणणे अन्यायाचे आहे. मॅकिन्टॉश हा साक्षीदार कोळ्यांची बंडे मोडणाऱ्या पक्षातला, हे खरे. पण म्हणूनच त्यांच्या न्यायसभेचे कौतुक करण्यात त्याचा काही स्वार्थ नव्हता. गोतरणी दोषीला वाळीत टाकी, हा आक्षेप अधिक गंभीर. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कार २०१६च्या कायद्याने गुन्हा ठरवला, ते योग्यच. मात्र त्याने तंटा मिटवण्याची परंपरागत रीत बाद होत नाही; आदिवासी अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याचे कलम ४ ती जपण्यास ग्रामसभेला सक्षम मानते. सुरगाणा, पेठ, कळवण अशा पेसा क्षेत्रातल्या ग्रामसभांत आता स्त्रियाही मतदार आहेत. जुन्या रीतीची फेरतपासणी तिथेच व्हायला हवी.